बारा वाजून वीस मिनिटांचा चाकू

अथेन्सच्या चाकू-प्रदर्शनाचं पत्र आलं, तेव्हा फालिया अंगणात चाकूच्या मुठीसाठी बोकडाचं शिंग उकळत होती. उकळत्या शिंगाचा वास कसा असतो हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक आहेत. एवढंच सांगते की त्या दिवशी गल्लीतली मांजरंसुद्धा दुसऱ्या गल्लीत राहायला गेली होती.

पत्र फोनवर आलं होतं. 'कुमारी गारिफालिया यांचा अर्ज मंजूर झाला असून, "पहिला चाकू" या टेबलावर त्यांना शनिवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी दहा मिनिटं देण्यात येत आहेत. उस्ताद थ्रासिवुलोस स्वतः चाकू हातात घेऊन पाहतील. उशीर झाल्यास पाळी जाईल.'

उस्ताद थ्रासिवुलोस! ज्या माणसाचे चाकू घडवतानाचे व्हिडिओ फालियानं इतक्या वेळा पाहिले होते की त्यांच्या कुठल्या बोटावर कुठला व्रण आहे हे ती परीक्षेत लिहू शकली असती. इतिहासाच्या पेपरात तेच लिहावं असं तिला एक-दोनदा वाटलंही होतं. त्या माणसाच्या हातात तिचा चाकू! दहा मिनिटं! फालियानं अशी काही किंकाळी फोडली की आई पळत बाहेर आली.

"भाजलीस का?"

"बारा वाजून वीस मिनिटं!" फालिया नाचत म्हणाली.

"साडेपाच वाजलेत," आई म्हणाली, आणि नाक दाबून परत आत गेली.

कालोनेरी हे क्रीटच्या डोंगरातलं गाव. तिथं बातमी सांगावी लागत नाही, ती आपली आपण पसरते. शेजारच्या स्तमातिया काकूंनी भिंतीवरून मान काढली. "अथेन्सला चाललीस म्हणे," त्या म्हणाल्या. फालियानं अजून आईलाही नीट सांगितलं नव्हतं. "तिकडे खायला काही मिळत नाही हं. माझा पुतण्या गेला होता, सुकून काडी होऊन परत आला. आणि चाकूवर दोन ओळी कुणाच्या घालणार आहेस?"

हा प्रश्न मोठा नाजूक होता. त्या भागात पात्यावर दोन ओळींचं कवन कोरलेलं नसेल, तर त्या चाकूला चाकू म्हणत नाहीत, भाजी चिरायचं हत्यार म्हणतात. आणि कालोनेरीत पोटापाण्यासाठी कुणी काहीही करत असो, कवनं सगळेच करतात. दोन दिवसांत फालियाकडे तेवीस कवनं जमली. पाद्रीबुवांनी आठ ओळींचं दिलं. दोन ओळींत नीतिमत्ता मावत नाही असं त्यांचं म्हणणं. नोनोंच्या, म्हणजे फालियाच्या धर्मपित्याच्या, कवनात 'रक्त' हा शब्द तीनदा होता, आणि दोन ओळींत तीनदा रक्त म्हणजे जरा जास्तच सांडतं. स्तमातिया काकूंच्या कवनात पोलादाबद्दल अवाक्षर नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या मुलाचं अजून लग्न व्हायचं आहे, एवढीच माहिती होती.

पातं होतं चौदा सेंटिमीटर. तेवीस जणांना खूश करायचं तर फालियाला तलवार घडवावी लागली असती. शेवटी तिनं कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि स्वतःचंच कोरलं:

*सोळा वर्षांच्या हातांनी दिलीय मला धार,*
*जपून धर रे पाहुण्या, मी ऐकत नाही फार.*

तेवीस जण एकदम रुसले. स्तमातिया काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मात्र पुढं काय झालं हे कळेना म्हणून त्यांचीच घुसमट व्हायला लागली, आणि त्या करंज्या घेऊन आल्या.

पुढं जे झालं ते फारच गंभीर होतं. पुढं झालं सरकार.

प्रदर्शनाच्या नियमांत शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं चाकू आणायचा असल्यास आईवडिलांचं जबाबदारीचं प्रतिज्ञापत्र हवं, शिक्क्यासकट. फालियाचे बाबा पोलिख्रोनिस नगरपालिकेच्या पाणी खात्यात होते. चोवीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगण्यात गेलेली, त्यामुळे शिक्का या विषयातले आपण जाणकार आहोत अशी त्यांची समजूत होती. "पाच मिनिटांचं काम आहे," ते टाय बांधत म्हणाले, आणि दोघं तालुक्याच्या नागरिक सेवा केंद्रात गेले.

खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "चाकूचा उपयोग?"

"दाखवायला," फालिया म्हणाली.

"दाखवायला असं खणच नाही. शेती, शिकार, मासेमारी, स्वयंपाक. यातलं एक सांगा."

"रिकामं सोडा," बाबा म्हणाले. "मीही सरकारी माणूस आहे. आम्ही सोडतो."

"तुमच्याकडे सुटत असेल. आमचं यंत्र पुढं सरकत नाही."

"मग शिकार लिहा."

"शिकारीचा परवाना?"

"शेती."

"जमिनीचा उतारा?"

"स्वयंपाक तर कुणीही करतं ना बाई!"

"घराबाहेर चाकू न्यायचा तर स्वयंपाक धंद्याचा लागतो. हॉटेलचा शिक्का आणा. मासेमारीला मात्र बंदर कचेरीची नुसती चिठ्ठी चालते." बाईंनी चष्मा वर केला. "मी तुमच्या जागी असते तर मासे धरले असते."

तर मासे धरायचे ठरले. बंदर डोंगराखाली, चाळीस किलोमीटरवर, आणि रस्त्याला वळणं अशी की बसमधून उतरताना बाबा पालकाच्या भाजीसारखे हिरवे झाले होते. ज्याला बसही लागते त्या माणसानं मासेमारीची चिठ्ठी मागायची! पण बाबांनी टाय सरळ केला.

बंदरावरच्या तरुण अधिकाऱ्यानं चाकू उलटसुलट केला. "कुठला मासा?"

बाबांना त्या क्षणी जगातला एकच मासा आठवला. "सार्डीन."

"बोटभर सार्डीनला एवढा चाकू?"

फालियानं छताकडे पाहिलं. पाणी खात्यातला चोवीस वर्षांचा अनुभव, घरंदाज आडनाव आणि मुलीसमोर होत असलेला पाणउतारा, या तिन्हींच्या जोरावर बाबा म्हणाले, "मोठ्या सार्डीन."

अधिकाऱ्यानं चेहऱ्याची रेघही न हलवता 'मोठ्या सार्डीन' असं लिहिलं आणि शिक्का मारला. ती चिठ्ठी दाखवल्यावर सेवा केंद्राच्या बाईंनी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात नमूद होतं, की मोठ्या सार्डीनच्या मासेमारीचा हा चाकू प्रदर्शनाच्या टेबलावर पोचेपर्यंत वडिलांच्या ताब्यात राहील.

"ताब्यात!" बाबांनी तो शब्द घरी जेवताना चारदा वाचून दाखवला. त्या दिवसापासून चाकूचं लाकडी खोकं त्यांच्या काखेत जे गेलं ते अंघोळीपुरतंच खाली यायचं.

मूळ बेत असा होता की फालिया आणि बाबा, दोघंच जातील. पण आईनं बाबांना दोनदा खोकं काखेत असताना घरभर खोकं शोधताना पाहिलं आणि जाहीर केलं, "चाकू तुमच्या ताब्यात. तुम्ही कुणाच्या ताब्यात? मी येते." हे ऐकून नोनो म्हणाले, "हिला बाप्तिस्म्याच्या पाण्यात मी धरली होती. आता अथेन्सच्या गर्दीत दुसरं कोण धरणार?" फालिया आता नोनोंपेक्षा चार बोटं उंच होती, पण नोनोंची गाडी होती, म्हणून ते चौथे. पाचव्या स्तमातिया काकू येणार होत्या. त्यांना बोट लागते म्हणून त्यांनी स्वतःऐवजी सामान पाठवलं: जवाचे टोस्ट, अख्खं चीज, राकी म्हणजे घरच्या दारूच्या दोन बाटल्या आणि शिजवलेल्या गोगलगायींचा डबा. त्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. ते नोनोंच्या गाडीला पुढं सहा महिने आठवत राहिलं.

फालियाची तयारी वेगळीच चालली होती. ती आरशासमोर उभं राहून दहा मिनिटांचं भाषण पाठ करत होती. "आदरणीय उस्ताद, तापवलेल्या पात्याला मी स्वतः पाणी दिलं..." इथं ती थांबून जरा मान तिरकी करायची, कारण मान तिरकी केली की आपण अनुभवी दिसतो असं तिचं मत होतं. कपडे ठरले, बदलले, पुन्हा ठरले. आई म्हणाली पांढरा ब्लाउज घाल. गावातले तिचे गुरू, म्हातारे यांनारीस, म्हणाले की पांढऱ्या कपड्यातल्या कारागिरावर कुणी विश्वास ठेवत नाही. शेवटी तिनं पांढरा ब्लाउज घातला आणि कोपराला मुद्दाम जराशी काजळी लावली.

शुक्रवारी सकाळची बोट. बाबांनी प्रतिज्ञापत्र, चिठ्ठी, दोन्ही ओळखपत्रं आणि त्या सगळ्यांच्या तीन-तीन प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरल्या होत्या. फाटकावरच्या माणसानं तिकिटं पाहिली आणि "चला, चला, पुढं चला," म्हणाला.

"आमच्याकडे चाकू आहे," बाबा म्हणाले.

"सगळ्यांकडेच असतो, काका. पुढं चला."

बाबा इतके दुखावले की त्यांनी ती कागदपत्रं मागच्या प्रवाशाला दाखवली.

समुद्र त्या दिवशी ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा शांत होता. बाबांना चक्क बरं वाटत होतं, आणि हेच घात करणारं ठरलं. आजारी माणूस पडून राहतो, बरा माणूस खोकं उघडतो. फालिया वर डेकवर समुद्रपक्ष्यांना भाषण म्हणून दाखवत होती. आई आणि नोनो कॉफी आणायला गेले होते. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी बाबांना विचारलं, की खोक्यात काय आहे. दूर उत्तरेतल्या थेसालोनिकी शहराचे दातांचे डॉक्टर, नाव झिसिस, गोल चेहरा, निघालेही होते त्याच प्रदर्शनाला. बाबांनी झाकण उघडलं.

"अहाहा!" डॉक्टर झिसिस म्हणाले. "काय सुंदर वस्तू आहे हो!"

आता कालोनेरीत वाढलेल्या माणसासमोर त्याच्या वस्तूचं कौतुक केलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं. ते डोक्यातून येत नाही, शिंकेसारखं येतं. बाबांनी हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "घ्या. तुमचाच समजा."

यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, "छे छे, तुम्हालाच लाभो." मग आपण म्हणायचं, "नाही, घ्याच." असं तीनदा होतं, मग दोघं एकेक पेला राकी घेतात आणि वस्तू जिथल्या तिथं राहते. कालोनेरीत शंभर वर्षांत एकाही खुर्चीनं या पद्धतीनं घर बदललेलं नाही.

पण थेसालोनिकीला हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी पात्यावरच्या ओळी वाचल्या. "'पाहुण्या'! अहो, हे तर मलाच उद्देशून आहे!" त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, चाकू म्यानासकट रुमालात गुंडाळला, आपल्या पिशवीतून मिठाईचा एक खोका काढून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि "बायकोला दाखवून येतो!" म्हणून दिसेनासे झाले.

फालिया खाली आली तेव्हा बाबा दोन खोकी घेऊन बसले होते. एक रिकामं होतं. दुसऱ्यात क्रीम भरलेली बिस्किटं होती.

"बाबा, चाकू?"

बाबांनी सांगितलं. सांगताना त्यांचा टाय आपोआप सैल होत गेला.

"दिलात?" फालियाचा आवाज बोटीच्या भोंग्याइतका वर गेला. "माझा चाकू? उद्या बारा वीसला मी उस्तादांना काय दाखवू, बिस्किटं?"

"त्यांनी तीनदा नाही म्हणायला पाहिजे होतं!" नोनो कॉफी सांडत म्हणाले. "एकदाही नाही म्हटलं नाही? कसली माणसं आहेत ही!"

"मी जाते आणि मागून आणते."

"नाही!" बाबा म्हणाले. फालियानं त्यांना इतक्या हळू आवाजात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "दिलेलं परत मागायचं? आपल्या घरानं? तुझ्या आज्यानं लढाईत बूट दिले होते आणि अनवाणी घरी आला, पण मागितले नाहीत. मला वचन दे, तू मागणार नाहीस."

बाबांचा चेहरा त्या क्षणी असा दिसत होता, की कुणी फुंकर मारली असती तरी पडला असता. फालियानं वचन दिलं. दिलं आणि लगेच जीभ चावली, पण दिलेलं वचनही परत मागता येत नाही, हा सगळा घराण्याचाच दोष.

"अगं, मागायचं कशाला?" नोनो म्हणाले. "आपण कौतुक करू! आपण म्हणू, काय सुंदर चाकू! त्याला म्हणावंच लागेल, घ्या तुमचाच. मग आपण दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा..."

"दोनदा नाही?" फालिया किंचाळली. "एकदाही नाही!"

पण तोवर बोट धक्क्याला लागत होती, लोक गाड्यांकडे धावत होते, आणि डॉक्टर झिसिस पिरेउस बंदराच्या गर्दीत विरघळून गेले.

शनिवारी प्रदर्शन उघडताच चौघं आत शिरली. फालियानं कितीतरी आठवडे या क्षणाची स्वप्नं पाहिली होती. मोठंच्या मोठं गोदाम, ओळीनं टेबलं, सगळीकडे तेलाचा आणि कातड्याचा वास, लहरी उठलेली पाती, हस्तिदंतासारखी घोटलेली हाडं! आणि ती मान वाकडी करकरून बघत काय होती, तर लोकांचे पट्टे, कुणी आपला चाकू लटकवलाय का म्हणून. "हाच का?" नोनो दर दोन मिनिटांनी एखाद्या गोल चेहऱ्याच्या माणसाला खांद्याला धरून वळवत होते. तीन माणसं दुखावली गेली. चौथा डॉक्टरच होता, पण हाडांचा.

डॉक्टर झिसिस सापडले तेव्हा पावणेबारा झाले होते. ते एका सहाणेच्या दुकानापाशी उभे होते, चाकू पट्ट्याला लटकवलेला, आणि आजूबाजूला पाच-सहा जण जमलेले. "ही तर माझी क्रीटची मंडळी!" बाबांना पाहताच ते ओरडले.

आई पुढं झाली. "किती सुंदर चाकू आहे हा!"

"आहेच मुळी!" डॉक्टर म्हणाले.

नोनो पुढं झाले. "असा चाकू मी जन्मात पाहिला नाही! अशी मूठ! असं पातं! याच्यासाठी माणूस घरदार सोडेल!"

"धन्यवाद, धन्यवाद!"

आई पुन्हा पुढं झाली. "पाहत राहावंसं वाटतं. हातातून सोडवतच नाही."

"तुम्ही लोक किती प्रेमळ आहात हो," डॉक्टर गहिवरून म्हणाले. "आमच्याकडे कुणी एवढं बोलत नाही."

कौतुक ऐकून गर्दी वाढली. नोनोंच्या अंगात आलं होतं. ते पोलादाची स्तुती संपवून आता म्यानाच्या टाक्यांवर घसरले होते. गर्दीतल्या एका जाड साखळीवाल्यानं दोनशे युरो काढून डॉक्टरांपुढं धरले. डॉक्टरांनी हात झटकला. "भेट विकतात का कधी?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाइलाजानं फालियानंही वाजवल्या.

बारा चौदा. बारा पंधरा. छतावरच्या भोंग्यातून आवाज आला: "'पहिला चाकू' टेबल. पुढची पाळी, कुमारी गारिफालिया, कालोनेरी. कृपया चाकूसह हजर राहावं."

चाकूसह! फालियानं बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं तर रडू येईल हे तिला माहीत होतं आणि कोपराला काजळी लावलेल्या माणसानं रडायचं नसतं. तिनं सरळ टेबलाकडे चालायला सुरुवात केली. रिकाम्या हातानं का होईना, वेळेवर तरी जावं. उस्तादांना सांगावं, चाकू होता, चांगला होता, शपथ.

आणि मागून बाबांचा आवाज आला.

"डॉक्टर!"

सगळी गर्दी वळली. बाबांनी टाय काढून खिशात घातला होता. चोवीस वर्षांत ऑफिसच्या वेळेत त्यांना टायशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, काल मी तुम्हाला जे दिलं ते माझं नव्हतं. माझ्या मुलीनं घडवलंय ते. मी नुसतं सांभाळत होतो, आणि नीट सांभाळलं नाही." आईनं नोनोंचा दंड धरला, नोनोंनी डोळे मिटले. "मी... मी ते परत मागतोय. सगळ्यांच्या देखत."

"अहो, मग कालच सांगायचं ना!" डॉक्टर झिसिस म्हणाले आणि चाकू काढून बाबांच्या हातात ठेवला, जणू कुणी चुकून नेलेली छत्री परत करावी. "मला वाटलं, हे दोघं चाकूचे पैसे मागतायत की काय!"

बाबांना वाटलं होतं आभाळ कोसळेल. आभाळ कोसळलं नाही, उलट मागच्या दुकानात कुणीतरी सँडविच मागितलं. त्यांना थोडं वाईटच वाटलं त्याचं. पण फालिया परत धावत आली होती. तिनं चाकू घेतला, बाबांच्या गालावर ओठ आपटले, आणि माणसांमधून अशी सुसाट गेली की साखळीवाल्याचे दोनशे युरो हवेत उडाले.

बारा एकवीस.

उस्ताद थ्रासिवुलोस व्हिडिओत दिसायचे त्यापेक्षा बरेच बुटके होते आणि त्यांचा स्वेटर कोपराला विटला होता. "एक मिनिट उशीर," ते म्हणाले, पण हात पुढं केला.

"आदरणीय उस्ताद," फालियानं सुरू केलं, मान तिरकी केली, आणि पुढचं अख्खं भाषण डोक्यातून उडून गेलं. "हा घ्या," ती म्हणाली.

त्यांनी चाकू म्यानातून काढला. ओळी वाचल्या. मिशीचा एक कोपरा किंचित हलला. कागद घेऊन कापला, आवाज कान लावून ऐकला. मग चाकू उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मूठ डावीकडे गेलीय."

"किती?"

"केसभर. शिंग गरम असतानाच बसवलंस. थंड होईपर्यंत दाबून ठेवायचं असतं."

"हो," फालिया म्हणाली. कान लाल झाले होते.

"पाणी कुणी दिलं?"

"मीच."

"हं." ते पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून जरासं वाकवून पाहत राहिले. "पाणी चांगलं दिलंस."

एवढंच बोलले. पण उरलेली सहा मिनिटं त्यांनी चाकू खाली ठेवला नाही. नुसता हातात फिरवत राहिले, मध्येच टाके पाहत, मध्येच पुन्हा उजेडात धरत. पुढच्या पाळीचा मुलगा खाकरला तरी त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी नाइलाजानं त्यांनी चाकू म्यानात घातला आणि म्हणाले, "सुंदर आहे."

फालियाच्या मागे उभ्या असलेल्या बाबांचा हात छातीकडे गेला, तोंड उघडलं, आणि आईनं त्यांच्या पायावर टाच अशी दिली की त्यातून फक्त "घ्या..." एवढंच निसटलं.

"काय म्हणालात?" उस्तादांनी विचारलं.

"घ्या... घ्यायला आलो चाकू," बाबा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले.

थोड्या अंतरावर डॉक्टर झिसिस वाट पाहत उभे होते. या दहा मिनिटांत नोनोंनी त्यांना कोपऱ्यात गाठून राकीच्या मदतीनं कालोनेरीचे सगळे नियम समजावून दिले होते: घ्या कसं म्हणायचं, नाही किती वेळा म्हणायचं, तिसऱ्या 'नाही' नंतर चेहरा कसा ठेवायचा. डॉक्टर हुशार विद्यार्थी निघाले होते. फक्त एकदा परीक्षा द्यायची राहिली होती.

फालिया थेट त्यांच्यासमोर आली. बाबांचा शब्द मोडला गेला होता तो तिच्यासाठी, आणि तो तिलाच जोडायचा होता. मनापासून तिनं चाकू दोन्ही हातांवर पुढं केला. "डॉक्टर, काल बाबांनी दिला होता. आज मी देते. घ्या."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात छातीवर ठेवला, डोळे मिटले, आणि शिकवल्याबरहुकूम मोठ्या आवाजात म्हणाले, "छे छे! तुलाच लाभो!" आणि दुसऱ्या खेपेची वाट पाहत तसेच उभे राहिले.

"बरं," फालिया म्हणाली, आणि चाकू आपल्या पिशवीत टाकला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. नोनोंनी कपाळावर हात मारला. "अगं, तीनदा! तीनदा विचारायचं असतं!"

"त्यांनी नाही म्हटलं ना? मी ऐकलं."

आई ओढणीत तोंड लपवून हसायला लागली, आणि मग बाबा, लंगडत, काल सकाळपासून पहिल्यांदाच, इतके मोठ्यानं हसले की उस्ताद थ्रासिवुलोस टेबलावरून मान वर करून पाहू लागले. बिचाऱ्या डॉक्टरांना कुणाचं काय चुकलं तेच समजेना.

"असं तोंड पाडू नका," फालिया त्यांना म्हणाली. तिनं पिशवीतून वही काढून जवळच्या टेबलावर उघडली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली. "हा वाकडा आहे, उस्तादांनीच सांगितलंय. तो मलाच राहू दे. तुमच्यासाठी नवीन करते, सरळ मुठीचा. ठेवा इथं हात. उजवा. बोटं पसरा."

दातांच्या डॉक्टरांनी मुकाट्यानं पंजा वहीवर ठेवला, आणि फालियानं अंगठ्यापासून रेघ ओढायला सुरुवात केली.